कळसूबाईवरून सी-क्यू, सी-क्यू!

मुलांनो, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कोणतं, असं वर्गात विचारलं की निम्मे हात वर होतात. कळसूबाई! उंची १६४६ मीटर. अगदी बरोबर. आता दुसरा प्रश्न. या शिखरावर उभं राहून, हातात मावणाऱ्या यंत्राने, सिंहगडावरच्या माणसाशी बोलता येईल का? मध्ये मोबाइलचा टॉवर नाही, टेलिफोनची तार नाही, इंटरनेट नाही. आणि तिसरा प्रश्न. एका छोट्या एलईडी दिव्याला लागते तेवढ्याच विजेवर पार युरोपात निरोप पोचेल का?

हे सगळं डोळ्यांनी पाहायला आणि कानांनी ऐकायला मी एका जानेवारीत कळसूबाईवर गेले. आम्ही सहा जण होतो. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले एक काका, नाशिकचे एक विजेच्या सामानाचे दुकानदार, इंजिनिअरिंगला असलेला एक दादा, आठवीतली एक मुलगी, तिचे बाबा आणि मी. ही मुलगी चौथीपर्यंत माझ्याच वर्गात होती, म्हणून तर मला आमंत्रण! तिच्या बाबांना आणि मला सोडून बाकी सगळे ‘हॅम’.

हॅम म्हणजे कोण? ज्याच्याजवळ सरकारी परवाना आहे आणि जो पैशासाठी नाही, तर निव्वळ हौसेसाठी रेडिओवरून जगाशी बोलतो, असा माणूस. आपल्या घरातला रेडिओ फक्त ऐकतो. हॅमचा रेडिओ ऐकतो आणि बोलतोही. आपल्या देशात बारा वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही या परवान्याची परीक्षा देता येते. थोडी वीज, थोडं रेडिओशास्त्र आणि नियम, एवढाच अभ्यास. पास झाल्यावर प्रत्येकाला स्वतःचं एक सांकेतिक नाव मिळतं, त्याला कॉलसाइन म्हणतात. भारतातल्या हॅमचा कॉलसाइन बहुधा ‘व्हीयू’ या अक्षरांनी सुरू होतो. जगात तसा दुसरा कॉलसाइन नसतो. गाडीच्या नंबरासारखंच म्हणा ना!

आमच्या आठवीतल्या मुलीचा परवाना येऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते. अजून ती रेडिओवर एक शब्दही बोलली नव्हती. पोटात गोळा आला होता म्हणे. या मंडळींत स्त्रियांना ‘वायएल’ म्हणतात, म्हणजे ‘यंग लेडी’. मग ती आठ वर्षांची असो की ऐंशी! त्यामुळे सगळे तिला वायएल म्हणूनच हाक मारत होते. आपणही तेच म्हणू या.

पहाटे साडेपाचला आम्ही बारी गावातून निघालो. नाशिककडून यायचं तर घोटीमार्गे, भंडारदऱ्याच्या रस्त्यावर हे गाव लागतं. तालुका अकोले, जिल्हा अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर. डोंगराच्या पलीकडच्या अंगाला नाशिक जिल्ह्यातला इगतपुरी तालुका. गाव ओलांडलं की भाताची खाचरं, मग झाडी, आणि मग चढण सुरू. बॅटरीच्या उजेडात नुसत्या पुढच्याच्या टाचा दिसत होत्या. जिथे उभा कातळ आहे तिथे लोखंडी शिड्या बसवल्या आहेत. शिडीचे गज थंडीने इतके गार पडले होते की हात चिकटतो की काय असं वाटावं.

दादाच्या पाठीवर सगळं यंत्र होतं. सगळं म्हणजे किती? पाच-साडेपाच किलो! त्यात शाळेच्या डब्याएवढा रेडिओ, एक बॅटरी, सरकवून लांब करता येणारी फायबरची काठी, तारेचं भेंडोळं, दोरी आणि एक वही-पेन्सिल. आमच्या जेवणाची पिशवी याहून जड होती, हे मी मुद्दाम सांगते, कारण ती मी उचलली होती.

वाटेत वायएलच्या बाबांनी कळसूची गोष्ट सांगितली. इकडच्या गावांत ती सगळ्यांना माहीत असते. कळसू नावाची मुलगी एका पाटलाच्या घरी कामाला राहिली. पण अट घालून. केर काढणार नाही, भांडी घासणार नाही! एक दिवस पाहुणे आले, घरच्यांनी तिला तेच काम करायला लावलं, आणि ती जी डोंगरावर निघून गेली ती कायमचीच. तिचंच देऊळ शिखरावर आहे. नवरात्रात तिथे जत्रा भरते.

साडेनऊच्या सुमाराला आम्ही माथ्यावर पोचलो. माथा म्हणजे छोटंसं पठार. मध्ये एवढंसं शेंदरी देऊळ, आत दोन-तीन माणसं बसली की भरलं. वारा असा की टोपी हातानेच धरून ठेवावी लागत होती. पण काय दिसतं म्हणून सांगू! पश्चिमेला अलंग, मदन आणि कुलंग हे तीन किल्ले खांद्याला खांदा लावून उभे. दक्षिणेला रतनगड. दक्षिणेला भंडारदऱ्याचं पाणी चमकतंय आणि त्याच्यामागे दूरवर हरिश्चंद्रगड. सगळ्यांची टोकं आपल्या पायांच्या खाली.

काकांचे नियम कडक होते. देवळाला काही बांधायचं नाही. हे अभयारण्य आहे, तेव्हा खडकात खिळा ठोकायचा नाही, झाडाची फांदी तोडायची नाही. लोकांच्या वाटेत तार आणायची नाही. मग काठी उभी कशी करायची? पिशव्यांत दगड भरले, काठीला तीन बाजूंनी दोऱ्या लावल्या आणि त्या पिशव्यांना बांधल्या. काठीच्या टोकावरून तार दोन्हीकडे उतरती सोडली, तंबूसारखी. झाला अँटेना!

ही तार किती लांब हवी, हे तुम्हीसुद्धा काढू शकता. ३०० ला मेगाहर्ट्‌झच्या आकड्याने भागायचं की लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. १४ मेगाहर्ट्‌झसाठी ३०० भागिले १४, म्हणजे साधारण २१ मीटर. अँटेना त्याच्या निम्म्या लांबीचा, म्हणजे दहा-साडेदहा मीटरचा. आणि हातातल्या छोट्या यंत्राच्या १४५ मेगाहर्ट्‌झसाठी? करा भागाकार. लहर येते दोन मीटर.

आता खरी गंमत इथेच आहे. या दोन लहरींचे स्वभाव अगदी वेगळे.

दोन मीटरची लहर सरळमार्गी. टॉर्चच्या झोतासारखी ती बहुतेक नाकासमोर जाते. पृथ्वी गोल असल्यामुळे काही अंतरानंतर जमीन खाली वळते आणि लहर वरून निघून जाते. म्हणून तिला उंची हवी. किती उंचीवरून किती लांबचं क्षितिज दिसेल, याचं सोपं गणित आहे. उंचीच्या मीटरचं वर्गमूळ काढा आणि त्याला ३.५७ ने गुणा, उत्तर किलोमीटरमध्ये. समुद्रकिनाऱ्यावर उभ्या असलेल्या तुमच्यासारख्या मुलाला चार-साडेचार किलोमीटर. आणि कळसूबाईवरून? १६४६ चं वर्गमूळ सुमारे ४०.६, म्हणजे १४५ किलोमीटर! रेडिओची लहर हवेत किंचित वाकते, म्हणून तिच्यासाठी ४.१२ ने गुणतात. उत्तर येतं १६७ किलोमीटर. अर्थात, समोर समुद्रसपाटी असेल तरच हं. पश्चिमेकडे कोकण खाली आहे म्हणून तिकडे हे चालतं. पूर्वेला पठार आहे, तिकडे हिशेब कमी होतो.

दुसरी, लांब लहर जरा खट्याळ. ती आकाशात जाते, आपटते आणि परत जमिनीवर येते. कॅरममध्ये स्ट्रायकर कडेवर आपटून परत येतो ना, तसं. पण आकाशात आपटायला आहे काय? सूर्याच्या अतिनील किरणांमुळे वातावरणाच्या वरच्या भागात, साठ किलोमीटरपासून पुढे काहीशे किलोमीटरपर्यंत, हवेच्या कणांतून इलेक्ट्रॉन सुटे होतात. त्या थराला आयनांबर म्हणतात. असा थर असला पाहिजे, असं १९०२ मध्ये केनेली आणि हेव्हिसाइड या दोघांनी वेगवेगळं सांगितलं. १९२४ मध्ये अ‍ॅपलटन यांनी प्रयोग करून तो दाखवून दिला आणि १९४७ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. आपल्याकडे कोलकात्यात शिशिरकुमार मित्र यांनी याच थराचा मोठा अभ्यास केला. तुमच्या आजोबांना विचारा, रात्री रेडिओचं बटण फिरवताना लांबलांबच्या गावांची केंद्रं कशी लागायची! तीही या आयनांबराचीच करामत.

मग मी काकांना विचारलं, “लांब लहर जर आकाशात आपटूनच जाते, तर तिच्यासाठी डोंगर चढायचं कारण काय? घराच्या गच्चीवरून जाणार नाही का?”

काकांनी उत्तर दिलं नाही. त्यांनी फक्त रेडिओ सुरू केला आणि माझ्या कानाला हेडफोन लावला. “काय ऐकू येतंय?”

“काहीच नाही. बारीकसं सूंऽऽ.”

“हेच घरी लावलं तर तळणीवर पाणी पडल्यासारखं चरचरतं. मोबाइलचे चार्जर, दिवे, टीव्ही, लिफ्ट, सगळ्यांचा गोंगाट त्यात येतो. त्यात लांबच्या माणसाचं कुजबुजणं ऐकू येणार कसं? बाई, डोंगरावर आपला आवाज मोठा होत नाही. आपले कान मोठे होतात.”

मला हे फार पटलं. चाळीस मुलांच्या वर्गात मागच्या बाकावरची मुलगी हळूच बोलली तर मला तरी कुठे ऐकू येतं? आधी सगळे गप्प बसायला हवेत.

सकाळी ७ मेगाहर्ट्‌झवर हैदराबाद आणि बेंगळुरू मिळालं. दादा बोलत होता आणि वायएल वहीत नोंद करत होती. समोरच्याचा कॉलसाइन, आवाज कसा येतोय त्याचा आकडा, आणि वेळ. वेळ मात्र आपल्या घड्याळाची नाही. सगळ्या जगातले हॅम एकच जागतिक वेळ वापरतात. आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा करायचे. म्हणजे अकराला साडेपाच.

आणि अकरा वाजताच मुख्य परीक्षा होती. पुण्याचे काही हॅम त्याच दिवशी सिंहगडावर गेले होते. ठरलं होतं की बरोबर अकराला दोन मीटरवर एकमेकांना हाका मारायच्या. कळसूबाई १६४६ मीटर, सिंहगड सुमारे १३०० मीटर. मध्ये सरळ रेषेत १३७ किलोमीटर. हरिश्चंद्रगडाचा डोंगर जवळजवळ वाटेतच. त्याच्या डोक्यावरून, अगदी केसांना घासून, लहर जायला हवी. काकांनी आदल्या रात्री नकाशा घेऊन हिशेब केला होता. “जाईल असं वाटतं,” एवढंच ते म्हणाले. आणि बोलायचं कुणी? वायएलने.

तिच्या हातात वॉकी-टॉकीसारखं यंत्र, पाच वॅटचं. दुसऱ्या हातात घरी केलेला अँटेना. कशाचा केलेला, ओळखा पाहू? सुताराची स्टीलची मोजपट्टी कापून तिचे तीन तुकडे केले होते आणि ते नळाच्या प्लास्टिकच्या पाइपवर बसवले होते. पूर्वी घरांच्या छपरांवर टीव्हीचे काटेरी अँटेने असत, त्यांचंच हे छोटं भावंड. ज्या दिशेला रोखावं त्या दिशेला ते जास्त ऐकतं आणि जास्त बोलतं.

अकरा वाजले. वायएलने बटण दाबलं, तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. बाबा पुढे सरकले, तर काकांनी त्यांना हातानेच थांबवलं. मग एकदाचं ती बोलली. “सी-क्यू, सी-क्यू, धिस इज व्हिक्टर युनिफॉर्म थ्री...” सी-क्यू म्हणजे ‘कुणी आहे का?’ अशी हाक. आणि व्हिक्टर म्हणजे व्ही, युनिफॉर्म म्हणजे यू. आपण नाही का फोनवर ‘ब बदकाचा’ म्हणतो! लांबून ‘बी’ आणि ‘डी’ सारखेच ऐकू येतात, म्हणून जगभर प्रत्येक इंग्रजी अक्षराला एक ठरलेला शब्द आहे. अल्फा, ब्राव्हो, चार्ली...

उत्तर नाही. नुसती खरखर.

पुन्हा हाक. पुन्हा खरखर. सव्वाअकरा झाले. वायएलने अँटेना जरा डावीकडे नेला, जरा उजवीकडे नेला. कंपास काढून दक्षिण तपासली. काही नाही. माझ्या मनात आलं, हरिश्चंद्रगड आडवा आला वाटतं.

एवढ्यात देवीला आलेल्या गावातल्या एक आजी आमच्याजवळ येऊन टेकल्या. “पोरी, कुनाशी बोलतीयास गं?”

“सिंहगडाशी, आजी. पण ते बोलतच नाहीत.”

“येवढ्या वरनं हाक मारलीस, तर आइकतील की. दमानं घे.”

हे बोलणं चाललेलं असताना अँटेना धरून धरून वायएलचा हात भरून आला आणि तिने मनगट वळवलं. आतापर्यंत मोजपट्टीचे तुकडे आडवे होते, ते उभे झाले. आणि खरखरीतून एक माणूस चक्क बोलायला लागला! वायएल इतकी दचकली की अँटेना पुन्हा आडवा झाला. माणूस गप्प. उभा केला, माणूस हजर!

झालं होतं असं की सिंहगडावरच्या मंडळींचा अँटेना उभा होता आणि आमचा आडवा. रेडिओच्या लहरीलाही आडवं-उभं असतं. दोन्ही अँटेने एकाच रीतीने धरले नाहीत तर समोरासमोर असूनही आवाज फार क्षीण होतो. काकांना हे माहीत होतं, म्हणजे काय, ते हसत होते! “मी सांगितलं असतं तर ती विसरली असती,” म्हणाले. मला काही ही शिकवण्याची रीत पूर्णपणे मान्य नाही. पोरीच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. पण त्यावर आमचं बोलणं नंतर, उतरताना झालं.

वायएलने आपला कॉलसाइन सांगितला, जागा सांगितली, आपलं नाव एकेक अक्षर सुटं करून सांगितलं. तिकडून तसंच उत्तर आलं. शेवटी दोघांनी एकमेकांना ‘सेव्हंटी-थ्री’ म्हटलं. ७३ म्हणजे शुभेच्छा. तारायंत्राच्या काळापासून चालत आलेला हा आकडा आहे. सगळं मिळून दोन मिनिटांचं काम. त्यानंतर मुंबई मिळाली, डोंबिवली मिळाली, नाशिक तर मिळालंच मिळालं. आजींनी सगळ्यांच्या हातावर खोबरं-साखर ठेवली.

पिठलं-भाकरी खाताना दादाने सांगितलं की परदेशात या डोंगरावरच्या रेडिओचा चक्क खेळ केलेला आहे. २ मार्च २००२ रोजी तो वेल्स आणि इंग्लंडमध्ये सुरू झाला आणि मग कितीतरी देशांत पसरला. नियम मजेदार आहेत. सगळं सामान स्वतःच्या ताकदीने वर न्यायचं, गाडीत बसून बोललं तर बाद. शिखराच्या टोकापासून पंचवीस मीटरपेक्षा खाली उतरायचं नाही. धूर सोडणारं जनित्र वापरायचं नाही. आणि निदान चार वेगवेगळ्या हॅमशी बोलणं झालं तरच गुण मिळणार. डोंगर चढून हजार गुण मिळवणाऱ्याला ‘डोंगरबकरा’ हा किताब! पण घरात बसून डोंगरावरच्यांच्या हाकांना उत्तर देणाऱ्यालाही गुण मिळतात. त्याचे हजार झाले की त्याला म्हणतात ‘स्लॉथ’, म्हणजे दिवसभर फांदीला उलटा लोंबकळणारा तो आळशी प्राणी. आम्ही काही गुण मोजायला गेलो नव्हतो. पण मनात हिशेब केल्याशिवाय राहवलं नाही. ब्रिटनमधलं सर्वांत उंच शिखर बेन नेव्हिस, १३४५ मीटर. आपली कळसूबाई त्याहून ३०१ मीटरने उंच आहे.

तसं पाहिलं तर रेडिओचं आणि टेकड्यांचं नातं अगदी जन्मापासूनचं. १८९५ मध्ये इटलीतल्या एकवीस वर्षांच्या मार्कोनीने घराजवळच्या टेकडीपलीकडे आपल्या भावाला बंदूक देऊन पाठवलं. संदेश पोचला तर बार काढ, असं सांगून. बार झाला! टेकडीआड न दिसणाऱ्या माणसापर्यंत बिनतारी संदेश गेला होता. पुढे १२ डिसेंबर १९०१ रोजी न्यूफाउंडलंडमधल्या सिग्नल हिल या टेकडीवर त्याने अँटेनाची तार वर नेली ती कशाने, माहीत आहे? पतंगाने! आदल्या दिवशी फुगा वापरून पाहिला होता, तो वाऱ्याने तोडून नेला. समुद्रापलीकडून, इंग्लंडमधल्या पोल्धू या ठिकाणाहून, मॉर्सच्या ‘एस’ अक्षराचे तीन ठिपके येणार होते. डिट-डिट-डिट. ते ऐकू आले, असं मार्कोनीने जाहीर केलं. ते खरंच आले होते का, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. आमच्याकडे पतंग नव्हता, पण वारा मात्र त्याच जातीचा होता.

साडेतीन वाजले. आता तिसऱ्या प्रश्नाची पाळी. काकांनी १४ मेगाहर्ट्‌झची तार जोडली आणि मॉर्सची छोटी कळ गुडघ्यावर पट्ट्याने बांधली. मॉर्स म्हणजे ठिपके आणि रेघा. बोललेला शब्द खरखरीत हरवतो, पण ठिपका आणि रेघ एवढंच ओळखायचं असेल तर कान अगदी क्षीण आवाजही पकडतो. शक्ती पाच वॅट. साडेचारला सामान आवरायचंच, हे आधीच ठरलेलं होतं, कारण अंधार पडायच्या आत शिड्या उतरायला हव्यात.

डा-डिट-डा-डिट, डा-डा-डिट-डा. सी-क्यू. काका हाक मारत आणि थांबत. हाक मारत आणि थांबत. मारलेल्या हाकेपेक्षा ऐकणं जास्त वेळ चाले, हे माझ्या लक्षात आलं. चार वाजले. उत्तर नाही. वाऱ्याने काठी पार धनुष्यासारखी वाकली होती. दुकानदारकाका दोरी धरून बसले होते. चार वाजून दहा मिनिटांनी काका एकदम ताठ झाले. डोळे मिटले. पेन्सिल कागदावर एकेक अक्षर उतरवू लागली. ‘एल’, ‘झेड’...

“बल्गेरिया!” दादा ओरडला. लगेच सगळ्यांनी त्याला गप्प केलं.

पाच हजारांहून जास्त किलोमीटर. तिथला कुणीतरी माणूस त्याच्या घरात बसून, डोळे मिटून, आमच्या पाच वॅटची कुजबुज ऐकत होता. त्याने आकडा पाठवला. नऊपैकी तीन. म्हणजे आवाज बारीक, पण समजतोय. काकांनी जागा कळवली. तिकडून एकच चिन्ह आलं, प्रश्नचिन्ह. काकांनी पुन्हा, सावकाश, एकेक अक्षर ‘कळसूबाई’ पाठवलं. माझ्या अंगावर काटा आला, खरंच सांगते.

तुमच्यापैकी कुणीतरी आता म्हणणार, “बाई, मोबाइलवरून लगेच बोलता येतं की! कळसूबाईवर रेंजसुद्धा येते.” येते ना. पण मोबाइलचा टॉवर विजेवर आणि तारांच्या जाळ्यावर चालतो. २००४ च्या डिसेंबरात हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेच्या भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी अंदमानात गेले होते. तिथून जगभरच्या हॅमशी बोलायचं, एवढाच हौसेचा बेत. २६ डिसेंबरला भूकंप झाला, त्सुनामी आली. वीज गेली, टेलिफोन बंद पडले. तेव्हा त्यांनी आपला रेडिओ आणि तार घेऊन बेटांवरच्या माणसांची खुशाली मुख्य भूमीवर कळवायला सुरुवात केली. कुणी हरवलंय, कुणी सुखरूप आहे, कुठे काय हवं आहे. हौसेचा खेळ चालूच होता, म्हणून यंत्रं तयार होती आणि हातही तयार होते. काका म्हणाले, “आम्ही डोंगर चढतो ते मजेसाठीच. पण काठी, तार, बॅटरी दहा मिनिटांत उभी करायची सवय आपोआप लागते.”

एक सांगून ठेवते. परवान्याशिवाय असा रेडिओ बोलायला वापरणं गुन्हा आहे. नुसतं ऐकून सुरुवात करा. आणि पावसाळ्याच्या तोंडावर, आकाशात गडगडत असताना, डोंगरमाथ्यावर काठी उभी करणं म्हणजे विजेला आमंत्रण. काका मे महिन्यात कधीच जात नाहीत.

शेवटच्या शिडीखाली आलो तेव्हा सूर्य अलंगच्या मागे गेला होता. पुढची वाट बॅटरीच्या उजेडात. वायएल सबंध वाट अल्फा-ब्राव्हो-चार्ली करत माझं, बाबांचं, आजींचं, एवढंच नव्हे तर वाटेत भेटलेल्या कुत्र्याचंही नाव पाठवत होती.

पहिल्यांदा बोलणं झालं की हॅम एकमेकांना टपालाने कार्ड पाठवतात. त्यावर आपला कॉलसाइन, तारीख, वेळ आणि एखादं चित्र. बल्गेरियाचं कार्ड काकांना पाच महिन्यांनी मिळालं. ते त्यांनी चार दिवसांसाठी माझ्या वर्गाला दिलं. त्यावर बर्फाने भरलेला डोंगर आहे आणि मागे पेनाने इंग्रजीत तीन शब्द लिहिलेत, त्यांचा अर्थ ‘डोंगराबद्दल आभार’. चौथीच्या मुलांनी पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून अंतर मोजलं आणि दोन गटांची दोन वेगळी उत्तरं आली, त्यावर अजून भांडण चालू आहे.

सिंहगडावरून आलेलं कार्ड वायएलचं पहिलं. उत्तरादाखल तिला स्वतःचं कार्ड छापून घ्यायचंय. चित्र कळसूबाईचं, तिनेच काढलेलं. शिडीसकट.